म्हणे, बाई विसरली!

दोस्तांनो, ह्या वेळी गोळीवर लिहितोय. बंदुकीच्या नव्हे. बंदुकीच्या गोळीवर आपण सगळ्यांनी भरपूर लिहिलंय. मीही लिहिलंय, ते छापूनही आलंय, आणि त्यानं कुणाचं काही वाकडं झालेलं नाही. ही गोळी औषधाची आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढी. रोज एक, पाच वर्षं. म्हणजे 1825 गोळ्या, मधे लीप वर्ष आलं तर एखादी जास्त. ती माझ्या आईला घ्यायचीय. ती घेत नव्हती. आणि त्याच खोलीत राहून, तिच्या हातची भाकरी खाऊन, मला त्याचा पत्ता नव्हता.

गेल्या पावसाळ्यात दारूखान्यातली आमची खोली गळायला लागली. पत्रा सडलाय. मी गोदीतून दुसरी पाळी करून आलो आणि गळतीखाली घमेलं ठेवायला म्हणून तांदळाचा डबा हलवला. डब्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं. सहा. एकही फोडलेलं नाही. साठ गोळ्या, म्हणजे दोन महिने.

"आये, हे काय?"

"ठेव तिथं. उंदरं नेतील."

"ह्या खायच्या कुणी? उंदरांनी का तू?"

ती काही बोलली नाही. भाकरी थापत होती. तिचा उजवा हात चालत होता आणि डावा नुसता परातीवर टेकवलेला होता. दोन हातांनी भाकरी फिरवणारी बाई एका हातानं थापतेय, हे मी त्या रात्री पहिल्यांदा बघितलं. ती म्हणाली, सहा महिने झाले असंच चाललंय.

आधी थोडं मागचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आईच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक झाला. तेव्हा सगळे धावले. गावाकडनं मामा आला. वस्तीतली पोरं आळीपाळीनं वॉर्डाबाहेर झोपली. रक्त द्यायला आमची अख्खी टोळी मुकादमाशी भांडून पाळी सोडून आली. मला अभिमान वाटला. अजून वाटतो. आपल्या लोकांचं असंच आहे. संकट आलं की आपण अंगावर घेतो. मोर्चा म्हटलं की आपण पुढे. पण शेक संपला, डॉक्टरनं हातात एक चिठ्ठी दिली, "ही गोळी रोज, पाच वर्षं," आणि सगळे आपापल्या घरी गेले. मीसुद्धा. घरात राहूनच मी घरी गेलो. सुटलो बुवा, असं वाटलं. पाच वर्षांच्या रोजच्या गोळीला कुणी मोर्चा काढत नाही. तिथं आई एकटी होती.

पाकिटं सापडल्यावर मी एक खाडा केला आणि तिला घेऊन रुग्णालयात गेलो. नाव घेत नाही, आणि त्या डॉक्टरवर माझा रागही नाही. माझ्याच वयाचा पोरगा. त्याच्या टेबलावर फायलींची चळत, दाराबाहेर दोनशे माणसं. तो म्हणाला, "मावशी, विसरता कशा तुम्ही? इतकं सांगून? मोबाइलमध्ये गजर लावा." आई मान खाली घालून बसली. त्यानं केसपेपरवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. दोन-तीन मिनिटांत आम्ही बाहेर.

मी मॅट्रिक. अक्षरं लागतात, शब्द लागत नाही. केसपेपर घेऊन युनियनच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या कारकुनाकडे गेलो. त्यानं चष्मा वर केला. "नॉन-कम्प्लायंट. म्हणजे हुकूम न पाळणारी." मग हसला. "अरे, हा तर आपल्या चार्जशीटमधला शब्द."

खरंच आहे. क्रेनच्या दोराला झेपत नाही इतकं पोलाद एका उचलीत टाकायला सांगतात. आपण म्हणतो, नाही टाकणार, खाली माणसं आहेत. तेव्हा आपल्या नावापुढे असंच लिहितात. हुकूम मोडला. का मोडला, त्याला कागदावर जागा नसते. आईच्या केसपेपरवरही नव्हती.

आता ही गोळी काय आहे ते समजून घ्या. मीही आत्ताच समजून घेतलंय. गाठ काढली की ती तपासतात. इस्ट्रोजेन म्हणून बायकांच्या अंगातलं एक संप्रेरक असतं. काही गाठी त्याच्यावर पोसतात, काही पोसत नाहीत. पोसणारी निघाली तर ह्या गोळ्या देतात. ऑपरेशननं गाठ गेली तरी डोळ्यांना न दिसणारे कण अंगात कुठंतरी राहिलेले असू शकतात. त्यांचं रेशन तोडायचं, हे गोळीचं काम. त्यात दोन प्रकार. टॅमॉक्सिफेन ही पेशीच्या दारात आडवी उभी राहते, संप्रेरकाला आत शिरू देत नाही. ती पाळी चालू असलेल्या बायकांनाही चालते. दुसरी लेट्रोझोल आणि तिच्या बहिणी, म्हणजे ॲनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन. पाळी गेल्यावरही अंगात थोडं थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, ते बनवणंच ह्या बंद पाडतात. आईला लेट्रोझोल होती.

टॅमॉक्सिफेनची गोष्ट मजेची आहे. 1962 साली इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती तयार झाली तेव्हा शोध चालला होता पाळणा लांबवणाऱ्या गोळीचा. त्या कामात ती नापास झाली. मग 1973 साली ब्रिटनमध्ये आणि 1977 साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरवर तिला मंजुरी मिळाली. जगभरच्या चाचण्यांमधल्या हजारो बायकांचा हिशेब एकत्र मांडून 2011 साली छापला गेला. संप्रेरकावर पोसणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली तर पहिल्या पंधरा वर्षांतले त्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. म्हणजे तिघी मरायच्या तिथं दोघी. तिसरी वाचते ती कुठल्या कोटीच्या मशीननं नव्हे, ह्या डाळीएवढ्या गोळीनं. टॅमॉक्सिफेनचं मूळ पेटंट कधीच संपलंय, कितीतरी कंपन्या ती बनवतात, आणि आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. 2022 सालच्या जागतिक अंदाजात भारतात एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना हा कॅन्सर नव्यानं झाला आणि सुमारे 98 हजार बायका त्यानं मेल्या. तेव्हा गोळी किरकोळ नाही, हे पहिलं. आई चुकत होती, हेही खरं. ते मी लपवत नाही. पण ती का चुकत होती?

म्हणे विसरली! अरे, माझी आई विसरणारी बाई आहे का? चार घरची धुणीभांडी करते. कुठल्या मॅडमला कुठला साबण चालतो, कुठल्या घरी सायबाचे शर्ट उलटे करून वाळत घालायचे, कुठल्या घरात तिचा चहाचा कप गॅलरीत वेगळा ठेवलेला असतो, सगळं पाठ. वाण्याची उधारी तोंडपाठ. माझी पाळी कधी बदलते ते माझ्या आधी तिला ठाऊक. आणि ती म्हणे जिवावरची गोळी विसरली!

दोन दिवस मी तिच्या मागं लागलो. रागावलो, ओरडलो. ती गप. मग तिसऱ्या दिवशी ओरडणं सोडलं आणि तिच्यासमोर बसून नुसतं विचारलं, "आये, ती गोळी घेतली की काय होतं?"

तेव्हा तिनं हात पुढे केले. "मूठ वळत न्हाई बघ. सकाळी उठलं की बोटं लाकडावानी. गुडघं धरत्यात. कापड पिळता येत न्हाई. त्या वरच्या मजल्यावरची बाई म्हनली, मावशी, चादरीतनं पाणी गळतंय, होत नसंल तर सांगा, दुसरी बघते. मग मी गोळी बंद करून बघितली. पंधरा-वीस दिसांनी मूठ वळाया लागली. पुन्हा चालू केली, पुन्हा धरली. मग ठेवली डब्याखाली."

ऐकलंत? माझ्या निरक्षर आईनं प्रयोग केला होता. चालू करून, बंद करून, पुन्हा चालू करून. तिचा निष्कर्ष बरोबर होता. ह्या जातीच्या गोळ्यांनी सांधे धरतात, हाडं विरळ होतात, हे डॉक्टरांच्या पुस्तकात छापलेलं आहे. पण तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. सांधे धरले तर येऊन सांगा, त्यावर इलाज आहे, हेही कुणी सांगितलं नव्हतं. मग तिच्यासमोर हिशेब काय उरला? गोळी घेतली तर हात जातात. हात गेले तर चार घरं जातात. घरं गेली तर चूल जाते. कॅन्सर परत आला तर कधीतरी येईल. चादर उद्या सकाळी पिळायचीय. तिनं उद्याची सकाळ निवडली. हा वेडेपणा आहे? आपण गोदीत रोज हाच हिशेब करतो. कमरेत चमक भरली तरी हजेरी लावतो. आपल्याला कुणी विसरभोळे म्हणत नाही.

आणि गोळी आणायला जायचं म्हणजे काय, तेही ऐका. रुग्णालयाची चिठ्ठी एका महिन्याची. दर महिन्याला एक दिवस रांगेत. त्या दिवशी चारही घरी खाडा. दोन घरं पैसे कापतात, तिसरी तोंड वाकडं करते. 1948 साली कामगार राज्य विम्याचा कायदा आला आणि कारखान्यातल्या कामगाराला आजारपणात पगाराचा काही भाग मिळायची सोय झाली. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. यातलं काही माझ्या आईपर्यंत पोचलं नाही. आजारपणाची एक भरपगारी रजा तिला आयुष्यात कुणी दिली नाही. गोळी स्वस्त असेल, गोळीपर्यंत जायचं भाडं तिच्या मजुरीतून जातं.

दुसरी गोष्ट आमच्या शेजारच्या वहिनीची. चाळिशीच्या आतली. तिला टॅमॉक्सिफेन आहे. ती एक दिवसाआड घ्यायची. हे मला वहिनीनं सांगितलं नाही, कसं सांगेल? आईनं सांगितलं, तेही तोंड फिरवून. लिहू का म्हणून आईकडूनच विचारलं, तर निरोप आला: लिहा भावजी, नाव टाकू नका.

वहिनीला रात्री अंगातून वाफा निघतात. पत्र्याची खोली, सहा माणसं, एक पंखा, तो पोरांकडे वळवलेला. घामानं भिजून ती उठते, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारते, आणि पहाटे पाचला पाणी भरायला पुन्हा उभी. पाळीचं वेळापत्रक बिघडलं. अंगावरून पांढरं जातं. रात्री सार्वजनिक संडासापर्यंत जायचं म्हणजे पोराला उठवायचं. नवऱ्याजवळ जाणं नको वाटतं, आणि नवरा काय समजायचं ते समजतो. कुणीतरी तिला सांगितलं की ह्या गोळीनं पिशवीचा कॅन्सर होतो. सांगणाऱ्याचं सगळंच खोटं नव्हतं. टॅमॉक्सिफेननं तो धोका थोडा वाढतो, पण मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये, आणि गोळीनं होणारा फायदा बहुतेकींच्या बाबतीत त्या धोक्याहून मोठा असतो. हे समोर बसवून सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून तिनं आपल्या मनानं तोड काढली. भीती निम्मी, गोळी निम्मी.

ह्या दोघींना विसरभोळ्या म्हणायचं असेल तर म्हणा.

तुम्ही म्हणाल, हे झोपडपट्टीचं दुखणं झालं, शिकलेल्या बायका नियमानं घेत असतील. मलाही तसंच वाटायचं. आमच्या टोळीतल्या एकाचा भाऊ फार्मसी शिकतो, त्याच्याकडून माहिती काढली. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातल्या 8,769 बायकांचा अभ्यास 2010 साली छापलाय. सगळ्या विमा असलेल्या. त्यातल्या 32 टक्के बायकांनी साडेचार वर्षांत गोळी सोडून दिली. ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरल्यासारखी घेणाऱ्या फक्त 49 टक्के. निम्म्याही नाहीत! त्याच देशातल्या दुसऱ्या अभ्यासात, 2011 साली, दिसलं की गोळीसाठी खिशातून जितके जास्त पैसे जातात तितकी ती जास्त सुटते. तिथं शिक्षण आहे, पंखे आहेत, घरात संडास आहे. तरी सुटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथल्या डॉक्टरांनाही आधी वाटलं की बायका विसरतात. मग त्यांनी तपासून बघितलं. सातशेहून जास्त बायका घेतल्या, आईच्याच जातीची गोळी घेणाऱ्या. अर्ध्या बायकांना आठवड्यातून दोनदा मोबाइलवर संदेश, तीन वर्षं. बाकीच्यांना नाही. गोळी घेतली का, हे तोंडी विचारून नव्हे, लघवी तपासून बघितलं. 2020 साली निकाल छापला. काही फरक पडला नाही. संदेश येणाऱ्यांनीही सोडली, न येणाऱ्यांनीही तितकीच सोडली.

मोबाइलचा गजर मूठ उघडून देत नाही. गजर चादर पिळत नाही. ज्या बाईला खरंच विसरायला होतं तिला गजर जरूर लावून द्या. पण जी ठरवून सोडते तिला आठवण करून देणं म्हणजे तिच्या दुखण्यावर रोज बोट ठेवून निघून जाणं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 साली लांबच्या आजारांवरच्या औषधांबद्दल एक मोठा अहवाल काढला. श्रीमंत देशांतही अशी औषधं नियमानं घेणारे सरासरी निम्मेच, असं त्यात आहे. आणि त्यात असंही आहे की दोष रोग्यावर टाकू नका. पैसा, कामाची परिस्थिती, आजार, औषधाचा त्रास, दवाखान्याची व्यवस्था, हे सगळं मिळून गोळी सुटते. व्यवस्था हा शब्द आपण भाषणात दर दोन वाक्यांनी वापरतो. तो आपल्या घरातल्या तांदळाच्या डब्याखाली सापडेल असं आपल्याला वाटत नाही, एवढंच.

आता माझ्यावर येतो. मी आईवर कविता लिहिलीय. तिच्या हातांवर. भेगा, साबण, सोडा, सगळं आहे तिच्यात. गेल्या मेळाव्यात वाचली, टाळ्या पडल्या, दोघातिघांनी मिठी मारली. ती वाचली त्या दिवशी आईची मूठ वळत नव्हती. मी तिच्या हातांवर कविता वाचत होतो, आणि तिच्या हाताला काय झालंय ते मला माहीत नव्हतं. घरी येऊन मी ताट समोर येण्याची वाट बघत बसलो असणार. लाज वाटते लिहिताना. पण ही लाज माझ्या एकट्याची नाही. आपल्यापैकी किती जणांना आपल्या आईचं, बहिणीचं, बायकोचं औषध नावानं ठाऊक आहे? बाहेर आपण बंडखोर, आणि घरात आपली बाई सगळ्यात शेवटी जेवते, सगळ्यात शेवटी झोपते, सगळ्यात शेवटी दवाखान्यात जाते. छातीचं दुखणं म्हणून तिनं बोलायचं नाही आणि आपण विचारायचं नाही. ह्याला काय म्हणायचं? ह्यात आपलं बंड कुठं बसतं?

तर काय करायचं? भाषण पुरे, कामाचं सांगतो.

पहिलं. "गोळी घेतली का?" हा प्रश्न बंद करा. तो मुकादमाचा प्रश्न आहे, त्याला उत्तर नेहमी "हो" येतं. "गोळीनं काय त्रास होतो?" असं विचारा. आणि उत्तर आलं की उपदेश करू नका, कागदावर लिहून घ्या. कुठला सांधा, कधीपासून, रात्री किती वेळा उठते.

दुसरं. तो कागद घेऊन तिच्याबरोबर जा. खाडा पडला तर पडू दे. डॉक्टरसमोर ती बोलत नसेल तर कागद पुढे करा. सांधेदुखीवर औषध असतं. हाडांची तपासणी असते, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असतं. एक गोळी सोसत नसेल तर डॉक्टर तिची बहीण देऊन बघू शकतात, कधी टॅमॉक्सिफेनवर आणू शकतात. अंगातल्या वाफांवरही संप्रेरक नसलेली औषधं आहेत. पण हे डॉक्टरनं ठरवायचं. दुकानातून स्वतःच्या मनानं दुसरं औषध नाही घ्यायचं, कारण काही औषधं टॅमॉक्सिफेनचा जोर कमी करतात.

तिसरं. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईच्या एका पायाला अचानक सूज आली, धाप लागली, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं तर उशीर न करता दाखवायचं. गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, आणि त्यासाठी संप्रेरकाची पाळणा लांबवायची गोळी चालत नाही. ही गोष्ट नवऱ्यांना सांगायची जबाबदारी आपली, पुरुषांची. वहिनीनं किती तोंड उघडायचं?

चौथं. दुखण्यावर व्यायामाचा उपयोग होतो. अमेरिकेतल्या एका चाचणीत ह्याच गोळीनं सांधे धरलेल्या बायकांनी वर्षभर आठवड्याला अडीच तास जोरात चालणं आणि दोनदा ताकदीचा व्यायाम केला, तर दुखणं साधारण 30 टक्क्यांनी उतरलं. हे मी आईला सांगितलं. ती हसली. "दिसभर जिनं चढते ते काय मग?" तिचं बरोबर आहे. ओझं वाहणं म्हणजे व्यायाम नव्हे, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त कळतं? आपल्याकडे कुणाचे दंड फुगलेत, सगळ्यांच्या कमरा गेल्यात. बाईला व्यायाम करायचा तर आधी तिच्या दिवसातला तास मोकळा करावा लागतो. तो कोण करणार? घरातलं पाणी कोण भरणार?

पाचवं मागणीचं आहे, आणि ती आपण एकत्रच करायला पाहिजे. ज्या बाईला पाच वर्षं तीच गोळी घ्यायचीय तिला एका महिन्याची चिठ्ठी कशासाठी? तीन महिन्यांची द्या. औषधाची खिडकी आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी उघडी ठेवा. वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात ह्या गोळ्या ठेवा. घरकाम करणाऱ्या बाईला दवाखान्याच्या दिवसाचा पगार द्या. आणि केसपेपरवर "हुकूम मोडला" लिहायच्या आधी एक ओळ मोकळी सोडा: का मोडला? तिथं बाईचं म्हणणं लिहा. त्या डॉक्टर पोराला एका बाईमागे तीनच मिनिटं मिळतात, हा त्याचा गुन्हा नाही. तेव्हा त्याच्या शेजारी एक सिस्टर बसवा, जिचं काम फक्त हे विचारणं असेल. मशीनं आणायला पैसे निघतात, एका सिस्टरच्या पगाराला का निघत नाहीत?

वस्तीत आम्ही सुरुवात केलीय, छोटी. रविवारी दुपारी आमच्या खोलीत बायका बसतात. आई, वहिनी आणि आणखी तिघी. एक तर पलीकडच्या गल्लीतून येते, आम्हाला ठाऊकच नव्हतं तिला हे आहे. ती पण डब्याखालीच ठेवायची. त्या वेळी आम्ही पुरुष बाहेर. पोरं सांभाळतो, पाणी भरतो. आत काय बोलतात ते मला माहीत नाही, विचारतही नाही. हसायचा आवाज येतो. महिन्यातून एकदा एक जण खाडा करतो आणि पाचही जणींच्या फायली घेऊन रांगेत आधी जाऊन उभा राहतो. खाड्याचे पैसे टोळी वाटून घेते.

आईची गोळी बदलली. आधी थोडे दिवस बंद ठेवली, मग तिच्याच कुळातली दुसरी दिली. दुखणं गेलं नाही, उतरलंय. सकाळी अर्धा तास बोटं गरम पाण्यात धरते, मग मूठ वळते. चादरीवाल्या वरच्या मजल्याचं घर तिनं सोडलं. महिन्याचे दोन हजार गेले. ते कुठून भरून काढायचे, ते अजून जमलेलं नाही. मी जादा पाळ्या धरतोय, पण किती धरणार? घरातली कापडं मी पिळतो. मला पहिल्यांदा मोरीत बसलेला बघून गल्लीतली पोरं हसली. हसू देत.

परवा तिनं एक गोळी चुकवली. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. "काल घेतली न्हाई. लई थकले व्हते." मी म्हणालो, बरं. आज घे. तिनं घेतली. पाकीट आता तांदळाच्या डब्याखाली नसतं, आरशाच्या फळीवर असतं, कंगव्याशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. तिची अजून बाराशेच्या वर उरल्यात.

तुमच्या घरी कुणाची किती उरल्यात, ते आज रात्री विचारा. आणि विचारताना आधी तिचे हात बघा.